शेवटचं रीळ

"अम्मी, चाल आता घरी. थंडी लागन तुले," सबीहानं आईच्या खांद्यावर हात ठेवला.

कुलसुमबीची नजर पडद्यावरून हलली नाही. बापूंची पुण्यतिथी म्हणून अकोल्यात लेकीच्या घरामागच्या पटांगणात त्यांच्यावरचा जुना, काळापांढरा सिनेमा लावला होता. बापू प्रार्थनेला निघाले होते. वाऱ्यानं पडदा फुगला की ते अंगणात आल्यासारखे वाटत.

हा सिनेमा तिनं अकोटात कितीदा तरी पाहिला होता, पण इथपर्यंतच. नवरा अब्दुल सत्तार तिथल्या थिएटरात मशीन चालवायचा. ती डबा घेऊन जायची आणि मशीनच्या खोलीतल्या झरोक्याला डोळा लावायची. शेवटचं रीळ हातात घेतलं की सत्तार म्हणायचा, "आता जाय तू. पुढचं नोको पाहू."

"काहून?"

"तू रडतं. मंग मलेबी मशीन दिसत नाही."

ती हसून निघायची. त्यामुळे तिच्या मनात बापू आजवर चालतच राहिले होते. प्रार्थनेची जागा काही येत नव्हती.

मागच्या साली सत्तारला अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं. संध्याकाळी त्यानं तिचा हात सोडवला. "जाय तू, झोप जराशी. सकाळी ये." ती नातेवाइकांकडे गेली आणि सकाळी यायच्या आत तो गेला. अकोटात जनाजा निघाला तेव्हा बाया घरीच थांबल्या. तिला दारातून दिसल्या त्या माणसांच्या पाठी. वळणाशी त्याही दिसेनाशा झाल्या. तेव्हापासून दुपारी डोळा लागला की सत्तार त्या वळणाकडे चाललेला असायचा, आणि वळण यायचंच नाही.

"अम्मी?"

"बस तू. मले आज शेवट पाह्यचा हाय."

सबीहा बसली. गोळ्या सुटल्या. कुलसुमबी रडली नाही. मग अंत्ययात्रा आली. रस्ता भरून माणसं, फुलांनी झाकलेली गाडी, आणि आवाज जवळजवळ नाहीच. त्या पाठमोऱ्या गर्दीत तिला ओळखीच्या पाठी दिसू लागल्या. रस्त्याच्या कडेचा निंब अकोटच्या कब्रस्तानाजवळचा वाटला. ती उठून उभी राहिली.

"आजी, बसा न. आमाले दिसत नाही," मागून कुणी म्हणालं.

सबीहानं वळून पाहिलं. "राहू द्या भाऊ, थोडा येळ. माह्या अब्बाच्या वक्ताले तिले जाता नाही आलं."

मागचा माणूस सतरंजीवर जरा बाजूला सरकला, बायकोलाही सरकवलं.

कुलसुमबीचे ओठ हलत होते. पडद्यावरची गर्दी वळणापाशी पोचली, वळली, लांब गेली, धुक्यासारखी झाली. मग नुसता पांढरा पडदा उरला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं, अम्मी."

लोक उठून फाटकाकडे निघाले. कुलसुमबीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, लेकीचा हात हळूच बाजूला केला, आणि त्या सगळ्या पाठींच्या मागून, कुणाला न गाठता, सावकाश चालू लागली.