एलरॉयची पिवळी काडतुसं

एलरॉय स्कॉगस्टाड मार्चमध्ये गेला. त्याच्या तळघरात भरलेल्या काडतुसांचे इतके डबे निघाले, की त्याची बायको अर्डिथ मला म्हणाली, "ट्वायला, घेऊन जा बाई सगळे. मला तिकडे बघवत नाही."

मी नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावात शाळेची बस चालवते आणि रविवारी क्लबात जाऊन यंत्रानं हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीनं फोडते. बंदूक खांद्याला कशी लावायची इथपासून सगळं मला एलरॉयनंच शिकवलं. तो विकतची काडतुसं वापरायचा नाही. ठिणगी पाडणारी टोपी, बंदुकीची दारू, प्लास्टिकची वाटी, वर छरे, असं एकेक काडतूस स्वतः भरायचा. यंत्राजवळच्या रेषेवरून मारायला लाल नळ्या, त्यात आठ नंबरचे छरे आणि बेताची दारू. मागच्या रेषेसाठी आणि वाऱ्याच्या दिवसासाठी पिवळ्या, त्यात साडेसात नंबर. नंबर लहान तसा छरा मोठा, हे डोक्यात शिरायलाच मला कितीतरी दिवस लागले होते.

"बारीक छरा वाऱ्यात दमतो," तो सांगायचा. "आणि जवळून जड काडतूस मारलंस तर नुसता खांदा सुजेल. तबकडीला काय, ती एकदाच फुटते."

उन्हाळाभर मी त्याची लाल काडतुसं वापरली. एकानंही दगा दिला नाही. सप्टेंबरात एका रविवारी मात्र असा वारा सुटला, की क्लबाचं निशाण काठीवर सपासप आपटत होतं. त्यात मला मागच्या रेषेवरून खेळायचं होतं. मी पिवळा डबा पहिल्यांदाच उघडला.

"एलरॉयचा माल वाटतं?" केरमिट ब्योर्कनं विचारलं. यंत्र आणि गुण दोन्ही तोच सांभाळतो. "जपून मार. आज चुकलेली तबकडी थेट कॅनडात जाऊन पडेल."

"तू गुण नीट मांड म्हणजे झालं," मी म्हटलं.

आमच्याकडे नेमबाजाच्या पुढ्यात जमिनीवर छोटा माइक असतो. हाक दिली की यंत्र तबकडी फेकतं. सगळे 'पुल' म्हणतात. एलरॉय तेवढा 'हप्' करायचा, कुत्रं एकदाच भुंकून गप्प बसावं तसा.

पहिल्या काही तबकड्यांचा धूर झाला. मग एक चुकली. खांद्याला धक्का नेहमीसारखा बसला नाही. कानांवर जाड टोपणं, त्यात वारा, त्यामुळे आवाज मला धड कळला नाही. मी बंदूक मधोमध वाकवून उघडली, काडतुसाची रिकामी नळी काढली, नवं काडतूस घातलं आणि माझी पाळी आल्यावर हाक दिली.

तबकडी आली नाही.

पुन्हा हाक दिली. काहीच नाही. तिसऱ्यांदा मी इतकी ओरडले, की शेजारचा माणूस वळून बघायला लागला.

"माइक बिघडलाय!" मी मागे ओरडले.

"बाकीच्यांचं बरं ऐकतो!" केरमिट म्हणाला. "बंदूक उघडून ठेव, मी येतो."

मी काडतूस बाहेर काढलं. आणि का कोण जाणे, मागून बंदुकीच्या नळीत डोकावले. नळीतून आभाळाचा गोल दिसायला हवा. दिसला नाही. आत काळं होतं. मघाच्या काडतुसाची वाटी छऱ्यांसकट नळीतच अडकून बसली होती. वरून दुसरा बार टाकला असता तर नळी माझ्या डाव्या हाताशीच फाटली असती.

मी तशीच उभी असताना समोरून एक तबकडी सुटली. आरामात वर चढली, वाऱ्यावर कलली आणि पलीकडच्या गव्हाच्या खुंटांत जाऊन पडली.

मी टोपणं उतरवून वळले. रेषेवरचे सगळे एकमेकांकडे बघत होते. केरमिट अर्ध्या वाटेत थांबला होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"हाक कोणी दिली?" त्यानं विचारलं. मग तो हळू आवाजात मला म्हणाला, "ट्वायला, तू ऐकलंस ना? 'हप्' म्हणाला."

मी काहीच ऐकलं नव्हतं.

तिथून मी उरलेले डबे गाडीत घालून थेट अर्डिथकडे गेले. वाटी अडकल्याचं तेवढं सांगितलं. तिनं कॉफी ठेवली, लिंबाच्या वड्या काढल्या आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक पिवळी नळी सुरीनं उघडायला बसलो. काहींत दारूच नव्हती. काहींत दुप्पट होती. एक नळी हातात घेताच हलकी लागली. कापली तर आतून राळा सांडला. पक्ष्यांना घालायचा, बारीक, पांढरट राळा.

अर्डिथनं ते दाणे तळहातावर घेतले.

"गेल्या हिवाळ्यात त्याला माझं नाव पटकन आठवायचं नाही," ती म्हणाली. "मी कोणाजवळ बोलले नाही. त्याला आवडलं नसतं."

मग ती एकदम उठली आणि घरातल्या सपातांवरच अंगणात गेली. झाडाला टांगलेलं पाखरांचं खाद्यपात्र काढून तिनं आत आणलं आणि बिस्किटं भाजायच्या पत्र्यावर पालथं केलं. वरचे दाणे अलगद पडले. तळाशी जे होतं ते खडखडत पत्रा भरून पसरलं. साडेसात नंबरचे शिशाचे छरे.

"रोज सकाळी झाडाखाली एखादा होला मरून पडलेला असायचा," अर्डिथ म्हणाली. "मला वाटायचं, मांजराचं काम. मी वरून दाणे घालतच राहिले गं, आणि ते खालचं शिसं टिपत राहिले."

मला राहवलं नाही. माइकचं आणि त्या हाकेचं सगळं सांगून टाकलं. ती वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "आवाज कसा होता? दमलेला?"

"मला नाही ऐकू आला. केरमिटनं ऐकला."

तिनं तिथल्या तिथे केरमिटला फोन लावला. पलीकडून तो चाचरत म्हणाला, "दमलेला नाही, अर्डिथ. चिडलेला. कोणी भरलेली बंदूक घेऊन गप्पा मारायला लागलं की चिडायचा ना, तसा."

अर्डिथ मोठ्यानं हसली. मग फोन हातात तसाच धरून रडायला लागली, आणि मी तिला रडू दिलं.

शिसं आम्ही एका डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. झाडाखालची माती खरवडली. पात्र धुतलं, पण परत टांगलं नाही.

मी निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि वारा पडला होता. विजेच्या तारेवर होले ओळीनं बसले होते. रिकाम्या झाडाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एलरॉय जिथे काडतुसं भरत बसायचा, त्या तळघराच्या छोट्या खिडकीकडे सगळे तोंड करून होते. मी दार आपटलं, इंजिन सुरू केलं, भोंगाही वाजवला. एकही उडाला नाही.