आकुशेर्काची नोंद

उत्कर्षाच्या पोटातलं बाळ सकाळपासून हललं नव्हतं, आणि बाईसाहेब बसल्या होत्या पोलिश शब्दांची कुळं शोधत! आठवा महिना हो, आठवा! पण वर्ष मंदीचं. हडपसरच्या तिच्या आयटी कंपनीत पोलिश भाषा जाणणाऱ्या चौघींपैकी दोघीच राहणार होत्या. पोलंडमधल्या दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरसाठी लागणारा शब्दकोश आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. "आज जी उठली, ती गेली," असं साहेब पियुष हसत हसत म्हणाला होता. मेल्याला हसू तरी कसं येतं!

तिच्यापुढे शब्द होता 'आकुशेर्का'. म्हणजे सुईण. तिनं टाइप केलं: फ्रेंचमधून आलेला, मुळात बाईला अंथरुणावर टेकवणारी. आता जुना, बोलण्यातला. सरकारी कागदांवर 'पोवोझ्ना', तोही आडवं ठेवण्यावरूनच आलेला. अजून एक अर्थ: नवी गोष्ट जगात आणायला हातभार लावणारी.

चार वाजले तरी पोटात काहीच हललं नाही. तिनं आईला फोन लावला. तुळजाबाई हडपसरची जुनी सुईण. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. पण लेकीच्या पोटाला त्यांनी आठ महिन्यांत एकदाही हात लावला नव्हता. पोटच्या पोरीपाशी हात हळवा पडतो, खरं ते कळत नाही, असा त्यांचा नियम.

"आई, ये ना गं. मला फार भीती वाटतेय."

तुळजाबाई धापा टाकत गेटवर आल्या. पास नाही तर प्रवेश नाही! पण वॉचमन गेनबाच्या बायकोची तिन्ही बाळंतपणं त्यांनीच केलेली. त्यानं आपली केबिन रिकामी करून दिली. उत्कर्षा खाली आली तेव्हाही तिचा मोबाईल वाजतच होता. पियुष. तिनं तो बंद केला.

"आडवी हो," आई म्हणाली.

उत्कर्षा सतरंजीवर आडवी झाली. तुळजाबाईंनी तळवे चोळून गरम केले आणि आपला नियम मोडला. पोट चाचपलं. मग कान लावला. या बाजूला, त्या बाजूला, पुन्हा या बाजूला.

"गेनबा, रिक्षा आन! पळ!"

"आई, ऐकू येतंय का? सांग ना गं!"

तुळजाबाईंनी तिचा कुर्ता नीट खाली ओढला. आजवर कुठल्याच बाळंतिणीसमोर न रडलेल्या तुळजाबाई हमसून हमसून रडायला लागल्या.

"सकाळीच का न्हाई उठलीस गं, बाय माझे? सकाळीच का न्हाई उठलीस?"