‘फक्त आवश्यक’

शुक्रवारी दुपारी बारा वाजता मुदत संपली. वेस्टरस्कोव्ह गावची शाळा बंद करण्याच्या प्रस्तावावर नगरपालिकेकडे एकूण तीन हरकती आल्या होत्या. गावात घरं दोनशे दहा.

टोवेला तो आकडा पटेना. पालिकेचं संकेतस्थळ ती एकोणीस वर्षं सांभाळत होती आणि राहायला त्याच गावात होती. हरकतीत लोक मुलांची नावं, आजारपणं, घरातली भांडणं, काय वाटेल ते लिहितात. म्हणून यंदा ईमेल बंद करून सुरक्षित फॉर्म ठेवायचं ठरलं होतं. फॉर्म बाहेरच्या एका कंपनीचा. भरलेला मजकूर कुलूपबंद होऊन थेट पालिकेकडे जायचा. टोवेनं तो पालिकेच्या पानात बसवला, ऑफिसातल्या संगणकावर भरून पाहिला आणि तपासणीच्या कागदावर सही केली.

शनिवारी ती शेजारच्या एब्बेकडे गेली. फेरीबोटीवर मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलेला एब्बे. त्याची दोन नातवंडं याच शाळेत होती.

“तीन?” त्यानं कॉफीचा थर्मास खाली ठेवला. “अगं, या एका टेबलाशी आम्ही चौघं बसलो होतो. पान उघडलं तर वर मजकूर आणि खाली कोरी जागा. म्हटलं, टोवेचं काम अजून चाललेलं दिसतंय. दुसऱ्या दिवशीही कोरीच.”

“मग फोन नाही केलास?”

“केला की. पालिकेतली फोनवरची पोरगी म्हणाली, फॉर्म पानावरच आहे, नीट बघ. नीट बघितलं. पुन्हा विचारायची लाज वाटली.”

टोवेनं त्याचा लॅपटॉप पुढ्यात ओढला. पान उघडताच कुकीजची सूचना आली. एब्बेचं जाडजूड बोट सवयीनं पुढे आलं आणि ‘फक्त आवश्यक’वर पडलं.

“हे का दाबलंस?”

“का म्हणजे? तूच शिकवलंस ना! वाचनालयात, दोन हिवाळे. बाकी काहीही मान्य करायचं नाही, कोण पाळत ठेवतं ते कळत नाही म्हणून. अख्खं गाव हेच दाबतं.”

टोवेनं पान खाली सरकवलं; फॉर्मच्या जागी कोरंच होतं. परवानगी न देणाऱ्याला बाहेरून आणलेलं काहीही दाखवायचं नाही, अशी संकेतस्थळाची रचना होती. फॉर्म बाहेरचा होता. ऑफिसातल्या संगणकावर तिनं केव्हाच सगळं मान्य करून टाकलं होतं, त्यामुळे तिला तो छान दिसला.

सोमवारी ती तिच्या साहेबासमोर, यान्निकसमोर, उभी राहिली.

“किती जणांना दिसला नाही?” त्यानं विचारलं.

“गावातल्या बहुतेकांना.”

“आकडा दे.”

“आकडा नाही. पान कुणी उघडलं हे मोजायलाही परवानगी लागते. तीच त्यांनी दिली नव्हती.”

“म्हणजे आपल्या नोंदीप्रमाणे ते आलेच नाहीत.”

“आले होते. एक आठवडा वाढवून दे, यान्निक.”

“वाढवता येईल. पण त्यासाठी चूक कुणाची, ते लिहावं लागेल. तपासणीवर सही कुणाची आहे?” तो खुर्चीत मागे रेलला. “धमकी नाही हं ही. नुसतं विचारतोय.”

संध्याकाळी तिनं एब्बेला सगळं सांगितलं, सहीचंसुद्धा.

“उद्या पालिकेच्या सभेत शाळेवर मतदान आहे, त्याआधी नागरिकांच्या प्रश्नांची वेळ असते,” तो म्हणाला. “मी उठतो. मग तू उठ आणि आत्ता सांगितलंस तसंच सांग. आम्ही सांगून काय उपयोग? म्हातारे काहीतरी बरळतायत म्हणतील.”

“सांगते,” टोवे म्हणाली.

मंगळवारी एब्बे इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याचा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, “आम्हाला लिहायचं होतं. पण पान कोरं होतं.”

“कोरं कसं असेल?” नगराध्यक्षा मृदूपणे म्हणाली. “फॉर्म शेवटपर्यंत चालू होता. तीन हरकती आल्यात.”

एब्बेनं मान वळवून मागच्या रांगेकडे पाहिलं. टोवेच्या शेजारी एक खुर्ची सोडून यान्निक बसला होता, मोबाइलवर काहीतरी वाचत. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. टोवेनं गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं, मग सुलटं केलं. कुणीतरी घसा खाकरला. भिंतीवरच्या घड्याळात एब्बेची दोन मिनिटं संपत आली होती.

“मग आमचंच काही चुकलं असेल,” एब्बे म्हणाला आणि खाली बसला.

एकदोघं हसली. वाईट हेतूनं नाही. आपल्या आजोबांना हसावं तशी. शाळा पंधरा विरुद्ध दहा मतांनी बंद झाली. इतिवृत्तात कारणांखाली एक ओळ आली: ग्रामस्थांचा विरोध नगण्य.

बाहेर एब्बे सायकलचं कुलूप काढत होता. टोवे जवळ जाऊन उभी राहिली.

“मी थांबलो होतो,” तो म्हणाला.

“पाहिलं मी.”

“बराच वेळ थांबलो.”

गाव नऊ किलोमीटरवर होतं, वारा समोरून होता आणि तिच्या गाडीच्या मागे सायकल अडकवायची सोय होती. त्यानं विचारलं नाही. तिनंही नाही.