न पुसलेली कात्री

मित्रांनो, मी फुलं कापायची एक जुनी कात्री आहे. पाती आखूड, मुठी लाल, जीभ जरा तिखट. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे धार लावणारा कामगार प्रत्येक कात्री स्वतःच्या नखावर घासून पाहायचा. मी पहिल्याच खेपेला पास झाले. त्याचा तोरा मी पुष्कळ वर्षं मिरवला.

मला विकत आणलं ते शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी. त्यांच्या घरामागे डेलियाची अकरा झाडं होती. बाग नुसती बघायला नव्हती, कापायला होती. घरातली फुलदाणी रिकामी राहायची नाही, एवढाच बाईंचा हट्ट. ऊन चढायच्या आत आम्ही दोघी बाहेर पडायचो. दांडा तिरपा कापायचा, खालची पानं खुडायची आणि फूल लगेच बादलीतल्या पाण्यात. "जितकं कापाल तितकं फुलतं," असं बाई शेजारणींना सांगायच्या. त्या मान डोलवायच्या, पण एकीचाही विश्वास बसायचा नाही. मी मात्र साक्षीला होते. एक फूल कापलं की थोड्याच दिवसांत त्याच फांदीला दोन कळ्या यायच्या. त्या दिवसांत मी फार सुखात होते.

मग एके दिवशी बाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. पलंग खिडकीशी सरकवला, पण उशीवरून झाडं दिसत नव्हती. खिडकीपाशी कुणी उभं राहिलं तर तेवढं दिसायचं.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणायचे. जन्मात कधी मातीला हात न लावलेला हा माणूस मला हातात घेऊन बागेत उतरला. बाई पडल्या पडल्या शिकवायच्या. त्यांचा एक नियम फार कडक होता. एका झाडाचं फूल कापलं की पाती स्पिरिटने पुसायची, मगच दुसऱ्या झाडाकडे जायचं. नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. स्पिरिटची बाटली त्यांनी मुद्दाम खिडकीत ठेवून घेतली होती. त्यामुळे घड्याळजी दर झाडागणिक खिडकीशी यायचे.

"आता कोणाची पाळी?" बाई विचारायच्या.

"पिवळ्याची."

"तिरपं कापा हं. आणि लाल कसा आहे?"

लाल डेलिया बाईंनी सगळ्यांत आधी लावलेला. त्याची चौकशी केल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. त्या दुखण्यात ते दोघं हसायचे ते तेवढ्याच वेळात.

एके सकाळी लालच्या पानांवर पिवळट चट्टे दिसले. असं झाड मुळासकट उपटून जाळायचं, हे बाईंनी दहादा बजावलं होतं. घड्याळजींनी बुंध्याला हात घातला आणि तसेच उभे राहिले. मग हात सोडला. त्याची दोन फुलं कापून ते खिडकीशी आले.

"लाल कसा आहे?"

"हिरवागार," ते म्हणाले. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खिडकीच टाळली. तिथे गेलं की तो प्रश्न येणार. "सगळी फुलं एकदमच आणतो," असं त्यांनी बाईंना सांगून टाकलं. घड्याळातला तिळाएवढा स्क्रूसुद्धा पुसून बसवणारा हा माणूस मला पँटला घासून पुढच्या झाडाकडे जाऊ लागला. मित्रांनो, माझ्या पात्यांवर काय आहे ते मला कळत होतं. मी कापत राहिले.

महिन्याभरात अकराही झाडांची पानं मुरडली. शेवटची फुलं वाटाण्याएवढी आली, मग तीही थांबली. फुलदाणी रिकामी झाली.

"कळ्या धरल्यात," घड्याळजी म्हणाले. "दोन दिवसांत येतील."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. "बाटली महिनाभर तेवढीच आहे, अहो."

घड्याळजी पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी त्यांच्या खिशातच होते.

बाई म्हणाल्या, "एक उपटलं असतंत तर दहा वाचली असती. मला सांगायचं होतंत. मी रडले असते, दुसरं काय झालं असतं?"

सहा दिवसांनी बाई गेल्या. फुलदाणी उशाशी तशीच कोरडी होती.

सगळे पांगल्यावर घड्याळजींनी मला स्पिरिटने पुसलं. दोन्ही पाती, मधला खिळा, लाल मुठीसुद्धा. अर्धी बाटली संपवली. इतकी स्वच्छ मी नवी असतानाही नव्हते. मग त्यांनी मला खणात ठेवलं. त्यानंतर तो खण उघडला नाही. आता माझी पाती गंजून एकमेकांना चिकटली आहेत.

मित्रांनो, बाग जरूर करा. फुलं भरपूर कापा, ती पुन्हा येतात. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना कात्री मात्र पुसा. आणि झाड आजारी पडलं, तर ते ज्याचं आहे त्याला त्याच दिवशी सांगा. त्याला रडू आलं, तर रडू द्या.