कितवा लागला गो

शीतल दवाखान्यातून घरी आली तेव्हा धसईत भातकापणी उरकत आली होती. तिने मोरीत जाऊन पाय धुतले आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली. ओटीवर बायका जमल्या होत्या. ही एकदा रडली असती म्हणजे सगळ्यांनाच रडता आलं असतं. पण जिने रडायचं तीच कोरडी ठणठणीत होती, तिथे बाकीच्यांनी काय करावं?

आठवा महिना होता. एका सकाळी पोटात काही हलेना, म्हणून नवऱ्याने, सुनिलने, कंपनीतली पाळी बुडवून तिला मुरबाडला नेलं आणि तिथून कल्याणला. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ठोके लागत नाहीयेत." मुलगी होती. नर्सने विचारलं, "बघायचीय?" शीतलने नको अशी मान हलवली. सासूने, गोदूबाईंनी, मात्र बघितली. सुनिल आणि सासरे लडकू पोरीला गावी घेऊन आले आणि त्यांनी तिला शेताच्या कडेला माती दिली.

मग दूध उतरलं. गोदूबाईंनी जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला आणि सुनेची छाती आवळून बांधली. बांधता बांधता त्यांनी विचारलं,

"दुखतं का गो?"

"नाय," शीतल म्हणाली. ते खरंच होतं. काहीच दुखत नव्हतं.

शीतल एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. शिक्षण सोडणार नाही, हे तिने लग्नाच्या बोलणीतच सांगून टाकलं होतं. लडकूंनीही, "शिकू द्या, आमच्या घरात दुसरं कोन शिकलंय," म्हणून मान डोलावली होती. रोज सकाळी एसटीने मुरबाड, तिथून पुढे कल्याण. तिच्या प्रोजेक्टचं मूळ मात्र घरातच होतं. आदल्या वर्षी गोदूबाई बहिणीला मेसेज पाठवायला म्हणून फोनशी बोलल्या, "भात झोडून झाला, तू कवा येतंस?" फोनने लिहिलं, भात सोडून झाला, तू कावा येतोस. घरभर हसून हसून पुरेवाट झाली. शीतलने तेच कॉलेजात गाईड सरांना सांगितलं. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं मशीनला समजेल, असा प्रोग्राम करायचाय, म्हणाली.

"आवाज कुठून आणणार?" सरांनी विचारलं.

"गावातून."

पावसाळाभर ती आवाज गोळा करत हिंडली. अंगणात, बांधावर, पलीकडे वाडीवरच्या ठकूच्या झोपडीत. पुढे पोट आणि हातात मोबाइल. बायका आधी लाजायच्या, मग थांबता थांबायच्या नाहीत.

दिवाळीनंतर भाविका आली. ती शीतलची वर्गातली मैत्रीण, शहापूर तालुक्यातल्या शेणव्याची. दोन जीपा बदलून, पिशवीत चिकू घेऊन आलेली. वाटेत ठरवलेलं बोलणं तिला एकदम आठवेना.

"सर म्हणतात, वर्ष ड्रॉप घेतलंस तरी चालेल," ती शेवटी म्हणाली. "ते बोलतील वर."

"प्रोजेक्ट कधी द्यायचाय?"

"पुढच्या महिन्यात. तुझं लेबलिंग राहिलंय ना? मी करते. मला दे सगळं."

"तुला आमच्या बायकांचं बोलणं कळायचं नाय," शीतल म्हणाली. "मीच करते."

लेबलिंग म्हणजे काम सोपं, पण चिकट. रेकॉर्डिंगचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, एकेक ऐकायचा आणि बोललेलं जसंच्या तसं टाइप करायचं. त्यावरून मशीन शिकतं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर शीतलने लॅपटॉप उघडला.

पहिल्याच बाईने विचारलं, "कितवा लागला गो? अशी चिखलात फिरू नको."

शीतलने टाइप केलं. कितवा लागला गो अशी चिखलात फिरू नको.

मग तिचा स्वतःचा आवाज आला. "सहावा, मावशी. लाथा मारते नुसती." आणि हसणं. विचारणाऱ्याचा आवाज डेटात नको, असं सरांनी सांगितलं होतं. तिने तेवढा भाग निवडला आणि कापून टाकला.

असं रोज चाललं. बायका लावणीबद्दल बोलत, जावेबद्दल बोलत, पण फिरून फिरून तिच्या पोटावर येत. डोहाळे कसले लागलेत. पोट खाली उतरलंय. शीतल टाइप करत राहिली. बोटं चालत होती, शुद्धलेखन बरोबर येत होतं.

एका दुपारी गोदूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा ठकूचा आवाज चालू होता. "पोरगीच व्हनार, बघशील तू. तिलापन तुझ्यावानी शिकव."

गोदूबाई दारातच थांबल्या.

"पूस ते," त्या म्हणाल्या. "पूस गो बाय."

"कशाला, आई? किती साफ आलंय बघा. मागे कोंबडंसुद्धा नाय."

गोदूबाई चहा ठेवून मागच्या पडवीत गेल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. शीतलला ते ऐकू येत होतं. तिने आवाज थोडा वाढवला आणि पुढचा तुकडा लावला. थोड्या वेळाने ती उठली आणि पडवीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कशी होती?"

गोदूबाईंनी डोळे पुसले. "कपाळ तुझं. नाक आमच्या सुनिलचं. केस होते चिकार."

"रंग?"

"निळी पडली व्हती गो."

शीतलने मान हलवली. एखादी राहिलेली माहिती मिळावी तशी. मग ती आत जाऊन पुन्हा कामाला बसली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. शहरातले, चष्मेवाले, स्वभावाने चांगले. त्यांनी प्रोग्राम चालवून बघितला, आकडे बघितले, खूश झाले. मशीनने बरोबर ओळखलेली वाक्यं पडद्यावर होती. त्यातल्या एकावर त्यांनी बोट ठेवलं.

"कितवा लागला गो. याचा अर्थ काय?"

गाईड सरांनी मान खाली घातली.

"पोटुशी बाईला विचारतात, सर," शीतल म्हणाली. "कितवा महिना लागला, असं."

"अच्छा! अगदी बोलीतलं आहे. छान. चुकांचं प्रमाण कशामुळे कमी झालं, ते सांगा आता."

तिने सांगितलं. न अडखळता, फळ्यावर आकृती काढून. बाहेर भाविका तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. शीतल तिची पाठ थोपटत राहिली.

पुढचं सेमिस्टरही गेलं. ती पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली. पेढे लडकूंनीच वाटले. जूनपासून मुरबाडच्या एका कॉलेजात तिला तासांवर शिकवायचं काम लागलं.

एकदा संध्याकाळी ती स्टँडवर धसईच्या गाडीची वाट बघत उभी होती. पहिल्या वर्षाची माधुरी शेजारी येऊन उभी राहिली. बडबडी पोरगी. तिने मॅडमच्या साडीची चौकशी केली, गावाची केली आणि मग सहज विचारलं, "मॅडम, तुम्हाला मुलं किती?"

आजवर हे तिच्या वतीने दुसरं कुणीतरी सांगत आलं होतं. सासू, नाहीतर सुनिल, नाहीतर भाविका. इथे कुणीच नव्हतं.

"एक झाली होती," शीतल म्हणाली. "मुलगी. राहिली नाय."

माधुरीचा चेहरा उतरला. "सॉरी, मॅडम."

"असू दे."

तेवढ्यात गाडी लागली. माधुरी धावत गेली, खिडकीतून आत रुमाल टाकून तिने जागा धरली आणि मॅडमना खिडकीशी बसवलं. गाडीने मुरबाड मागे टाकलं. मग माधुरीने भीतभीत, सकाळच्या तासाला न कळलेलं एक गणित विचारलं. शीतलने पर्समधून पेन काढलं, तिकिटाच्या पाठीवर चौकोन काढले आणि पहिल्यापासून समजावून सांगायला लागली.