विषवैद्याचा कागद

भीती वाटली की हॉलिस ग्रुबरला हसू यायचं. ही त्याची जन्माची खोड. नऊ वर्षांपूर्वी न्यायाधीशांसमोरही तो असाच फिसकन हसला होता, आणि त्या हसण्याची किंमत किती, हे त्याच्या बहिणीला, वांडाला, अजून विचारा. तरीही माणूस काही शिकला नाही. सोमवारी सकाळी लेफ्टनंट ओकलीबाईंनी त्याचंच पत्र त्याला वाचून दाखवलं, तेव्हा तो पुन्हा हसला.

ओकलीबाई म्हणजे रस्कर क्रीकच्या तुरुंगात आत येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक पत्र उघडणारी बाई. आवाज कधी चढत नसे, आणि म्हणूनच सगळे त्यांना टरकून असत. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं.

"'विषवैद्याचं विष फार हळू चढतं. आम्ही चौघांनी तीन रविवार करून बघितलं. दोन पहारेकरी जेवणातून गेले, तिसऱ्याला वास आला. फाटक गाठायला सहा फेऱ्या लागतात, तोवर बाकीचे सावध होतात. विष स्वस्त करा, आणि एका दिवसात दोनदा वापरू द्या.'" त्यांनी चष्मा काढला. "यात हसण्यासारखं काय आहे, ग्रुबर?"

ते पत्र त्याने दीड महिन्यापूर्वी खेळाच्या कंपनीला धाडलं होतं. म्हणजे, धाडलं असं त्याला वाटत होतं. पत्र तुरुंगाच्या फाटकाबाहेर पडलंच नव्हतं. दीड महिना ते या बाईच्या खणात होतं, आणि दीड महिना हिची माणसं रविवारी दुपारी जेवणघरात त्यांच्या टेबलावर डोळा ठेवून होती.

हॉलिस घाईघाईने सांगू लागला. खेळ आहे हो मॅडम, नुसता कागदावरचा खेळ. चार माणसं टेबलाशी बसतात, एकेक जण एकेक पात्र होतो, कुणी तलवारबाज, कुणी जादूगार. मी सूत्रधार, गोष्ट मी सांगतो. फाशांना इथे बंदी, म्हणून आम्ही मगातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढतो. पहारेकरी म्हणजे एका राजाच्या किल्ल्यातले पहारेकरी. तुमचे नव्हेत. 'तुमचे नव्हेत' हे शब्द तोंडातून गेले आणि ते किती वाईट वाटतात हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

ओकलीबाईंनी टेबलाखालून खेळाचं जाडजूड पुस्तक काढलं. तुरुंगाच्या वाचनालयातलंच, कोपरे खाल्लेलं.

"दाखव विषवैद्य कुठे आहे."

हॉलिसने पुस्तकाला हातही लावला नाही. त्याला ठाऊक होतं. कंपनीची रीत अशी, की पुस्तक छापायच्या आधी नवे पेशे, म्हणजे पात्रांचे नवे प्रकार, नुसत्या सुट्या कागदांवर लोकांना द्यायचे. खेळून बघा, आवडलं नावडलं कळवा. लोकांना रुचले ते पुस्तकात जायचे, बाकीचे कचऱ्यात. वांडा ते कागद छापून पत्रातून पाठवायची, आणि हॉलिसचं टेबल पोटतिडकीने आपलं मत कळवायचं. चार महिने खेळून झाल्यावर कंपनीने विषवैद्य टाकून दिला आणि आपल्या साइटवरूनही उतरवला.

"म्हणजे असा पेशा होता, पण पुस्तकात नाही," ओकलीबाई म्हणाल्या.

"हो."

"कंपनीकडेही आता नाही. मी बघितलं."

"हो, मॅडम."

"तुमच्याकडे कागद होते."

"फाडले."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या."

आता याला काय म्हणावं! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय. पण त्या टेबलाचा तो दंडकच होता. नवे कागद आले की जुने सर्वांसमोर फाडून जेवणघराच्या डब्यात टाकायचे. एकदा जुना नियम खरा की नवा, यावरून चिठ्ठ्यांचा मग भिरकावला गेला होता आणि खेळ बंद होता होता वाचला होता. तेव्हापासून हॉलिस याबाबतीत कुणाचं ऐकत नसे.

ओकलीबाईंनी चौकशी पुरी होईपर्यंत त्याला एकट्याच्या कोठडीत टाकलं. शिक्षा संपायच्या आत सोडायचं की नाही हे ठरवणारं पॅरोलचं मंडळ गुरुवारी बसणार होतं. बुधवारी संध्याकाळी बाईंचा अहवाल तिकडे जाणार. त्यात 'कट' हा एक शब्द आला, की पुढची सुनावणी पाच वर्षांनी. टेसला, त्याच्या मुलीला, आता दहा वर्षं पूर्ण झाली होती. तो आत आला तेव्हा ती वर्षाची होती. वांडाने खोलीला रंग देऊन ठेवला होता, त्याच्यासाठी टेसनेच निवडलेला, भडक हिरवा. पाच वर्षांनी ती पंधराची होईल आणि कशाला येईल फोनवर बोलायला?

कोठडीत एक खाट, एक दिवा आणि दाराला जेवणाची झडप. झडप वाजली की हॉलिस खाटेवरून उठून उभा राहायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. बाहेर कुणी खोकलं तरी त्याला वाटे, आले, आता सांगणार. सकाळी ओट्सची लापशी आली. ती बघून त्याला डेल्बर्ट आठवला आणि चमचा हातातच राहिला.

डेल्बर्ट नॅप पाकघरात लापशी शिजवायचा. वय एकसष्ट, शिक्षा जन्मठेपेची, बाहेर वाट बघणारं कुणी नाही. आणि चार महिने विषवैद्य खेळला होता तो हाच. त्याच्या पात्राचं नाव ओरिन. कंपनीने पेशा टाकल्याचं कळलं, तेव्हा बाकीच्यांनी टराटरा कागद फाडले आणि डेल्बर्ट मात्र आपला कागद छातीशी धरून बसला.

"पेशा काढला म्हणून माणूस मरतो का रे?" त्याने विचारलं होतं.

"कागदाचाच तर माणूस, म्हाताऱ्या," हॉलिस सर्वांदेखत म्हणाला होता. "रडतोस काय? दुसरा बनव."

टेबल खो खो हसलं. डेल्बर्टने खाली मान घालून कागद फाडला, डब्यात टाकला, आणि पुढच्या रविवारपासून टेबलाकडे फिरकला नाही. हॉलिसने त्याला बोलावलंही नाही.

आता पत्रात जेवणातून विष घालायची गोष्ट, आणि ज्याने ती करून बघितली तो खरोखरच पाकघरातला. हे बाईंच्या कानावर गेलं तर डेल्बर्ट संपलाच. म्हाताऱ्याला साऱ्या जगात ते एक पाकघर होतं, पहाटेची मोठी पातेली आणि खिडकीतून दिसणारी तुरुंगामागची मक्याची शेतं. हॉलिसने मनाशी ठरवलं, काही झालं तरी हे नाव घ्यायचं नाही. ठरवताना त्याला जरा बरंही वाटलं.

मंगळवारी दुपारी बाईंनी पुन्हा बोलावलं. टेबलावर कोण कोण बसतं ते त्यांना माहीत होतंच. त्यांना एकच हवं होतं, विषवैद्य कोण खेळत होता. हॉलिस म्हणाला, आठवत नाही. बाईंनी पत्र उलगडून पुन्हा वरपासून वाचलं. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं.

"चार महिने खेळलात, आणि कोण खेळलं आठवत नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "खेळाडूच नसेल तर तो खेळ कसा? मग मी हे पत्र जसं दिसतं तसंच वाचते. उद्या संध्याकाळी अहवाल जातो."

हिरवी खोली डोळ्यांपुढे आली. पाच वर्षं. हॉलिसचं तोंड त्याला न विचारता बोलून मोकळं झालं.

"डेल्बर्ट. डेल्बर्ट नॅप. पाकघरातला."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि त्याला परत धाडलं. त्या रात्री हॉलिस जेवला नाही. मी काही चुकीचं बोललो नाही, खरं तेच सांगितलं, असं तो स्वतःला बजावत राहिला. पण ज्या माणसाला आपण सर्वांदेखत हसलो त्यालाच पुढे ढकललं, हे काही केल्या मनातून जाईना. शिवाय वर ही भीती, की नाव घेऊनही उपयोग व्हायचा नाही. म्हाताऱ्याकडे दाखवायला होतं काय? फाडायला तर आपणच लावलं.

बुधवारी सकाळी बाईंनी खण उघडला आणि आठ घड्यांचा एक कागद टेबलावर पसरला. हॉलिस बघतच राहिला. विषवैद्याचा छापील कागद, सगळाच्या सगळा. वर कंपनीचं चिन्ह, तारीख, आणि 'फक्त चाचणीसाठी' असं ठळक. मग त्या दिवशी डब्यात गेलं ते काय? कोरा कागद असणार. कुणी निरखून बघतंय!

मागच्या बाजूला डेल्बर्टचं पेन्सिलीचं अक्षर होतं. ओरिन, विषवैद्य. खाली त्याने केलेल्या सगळ्या गोष्टींची टिपणं. तापाने फणफणलेलं गाव बरं केलं. राणीच्या कुत्र्याला वाचवलं. आणि शेवटी, किल्ल्यात दोन पहारेकरी झोपवले. 'हॉलिस म्हणतो मेले. मेले नाहीत. मी माप बघूनच घातलं होतं.'

"खेळ आहे, असं मी मंडळाला कळवते," बाई म्हणाल्या. "तुझ्यावर काही नाही."

हॉलिसला रडू आलं, आणि हसूही. त्याने दोन्ही दाबलं. "त्याच्याकडे सापडला? झडतीत?"

"झडती कशाला? विषवैद्यावरून तुला कोठडीत टाकल्याचं कळलं, आणि स्वतः घेऊन आला. उशीच्या अभ्र्यात शिवून ठेवला होता. लपवल्याबद्दल तीस दिवस एकट्याची कोठडी. आणि पाकघर बंद. असला कागद बाळगणाऱ्याला मी चुलीपाशी उभं करू शकत नाही."

"तुम्ही त्याला बोलावल्यावर आणला ना? मी नाव सांगितल्यावर?"

"मंगळवारी सकाळी आणला. नाश्ता वाढून झाल्याबरोबर."

हॉलिसने मनात दिवस मोजला. सकाळ. त्याने नाव घेतलं ते दुपारी. तेव्हा हा कागद या खणातच होता, हातभर अंतरावर.

"मग मला विचारलंत कशाला?"

"दोघांचं सांगणं जुळतं का ते बघायला."

त्याला आणखी एक विचारायचं होतं, पण धीर होईना. बाईंनीच कागद घडी करता करता सांगून टाकलं. काल रात्री डेल्बर्टने विचारलं होतं, हॉलिसने माझं नाव घेतलं का. त्या खोटं बोलत नाहीत, हो म्हणाल्या.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, भ्याला असेल."

गुरुवारी नऊ वाजता पहारेकरी हॉलिसला मंडळाकडे न्यायला आला. वाट एकट्याच्या कोठड्यांवरूनच जायची. डावीकडून चौथ्या दारावर नुकतंच खडूने नॅप लिहिलं होतं. हॉलिसचे पाय अडले. मंडळापेक्षा जास्त भीती त्याला त्या दाराची वाटली. पुढे निघून जावं, कुणी काही म्हणणार नव्हतं. पहारेकऱ्याने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, एक मिनिट, जास्त नाही.

हॉलिस झडपेपाशी वाकला. रात्रभर जुळवलेल्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"डेल," तो म्हणाला, "मी टटलला सांगून जातो, माझ्यामागे सूत्रधार तोच. टेबलावर विषवैद्य चालेल. पुस्तकात असो नसो. ओरिन जिवंत आहे."

आत खाट करकरली.

"ते मला ठाऊकच होतं," डेल्बर्ट म्हणाला. "तू जा. शर्ट नीट खोच. आणि तिथे हसू नकोस, गाढवा."

मंडळाने होकार दिला. त्या वीस मिनिटांत हॉलिसला एकदाही हसू आलं नाही.