हातभर अंतर

दिवस गेलेली बाई उमाबाईंना तिच्या स्वतःच्या आधी कळायची. सास्तूरच्या अलीकडच्या त्यांच्या गावात हे लहानथोरांना ठाऊक होतं. नळावर उभी असलेली एखादी पोर फोडणीच्या वासानं तोंड फिरवायची, कुणी काम सोडून भिंतीला टेकायची, कुणाच्या गळ्याच्या खळगीतली शीर जरा जास्तच उडायची. उमाबाई कमरेवरची घागर सारखी करत म्हणायच्या, "का गं, चिंच आणून ठिवू का?" पोर लाजून "कायबी काय, काकू!" म्हणायची आणि थोड्या दिवसांनी पेढे घेऊन यायची.

भाकरी थापताना त्या ओवी म्हणायच्या. त्यांची स्वतःचीच होती ती.

पहिल्या महिन्याची, कुणाला गं चाहूल
उंबऱ्याच्या आत, पडलं नवं पाऊल

त्या सोमवारीही त्या हीच ओवी म्हणत होत्या. आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची सून शिवप्रिया पोटावर हात ठेवून ती ऐकत होती.

भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं. घरं एका मापाची झाली, रस्ते सुतानं आखल्यासारखे. त्याआधी सारी माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली होती. घर मिळाल्यावर लोकांनी पत्रे मोडीत घातले. उमाबाईंनी घरामागं एक शेड तेवढं ठेवलं. पाळी आली की घरातल्या बाईनं तिथं बसायचं. वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळी वाकळ. चहा वरून ओतायचा. मधे हातभर अंतर ठेवायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन मगच घरात यायचं.

शेजारपाजारच्या घरांत ही रीत केव्हाच ढिली झाली होती. उमाबाईंनी मात्र ती धरून ठेवली, कारण त्यांच्या मते याच रितीनं त्यांना जिवंत ठेवलं होतं. भूकंपाच्या पहाटे त्या बाहेर बसलेल्या होत्या, गोठ्याच्या कडेला, अंगावर पिणाऱ्या लेकाला, रुद्रेशला, छातीशी घेऊन. आत माळवदाखाली सासू होती आणि थोरली लेक राजेश्वरी होती. झोपायच्या वेळी राजेश्वरी "आई, तुझ्यापाशी झोपू दे" म्हणून रडली होती. उमाबाईंनीच तिला लांबून दटावलं होतं, "शिवू नगंस. जा, आजीपाशी जा." मग जमीन हलली आणि दगडामातीचं माळवद खाली आलं.

या गोष्टीचे दोन अर्थ निघत होते. रीत पाळणाऱ्या बाईला शिवानं राखलं, हा एक. तो उमाबाईंनी गळ्यातल्या लिंगासारखा जपला. दुसरा अर्थ त्यांनी इतक्या वर्षांत कधी मनाच्या दाराशीसुद्धा येऊ दिला नव्हता.

शिवप्रियाला दिवस गेले होते. हे घरात फक्त तिला एकटीला ठाऊक होतं.

अर्पिता झाल्यावर तिला दोनदा दिवस राहिले होते. दोन्ही वेळा उमाबाईंनीच आधी ओळखलं. दोन्ही वेळा रुद्रेशनं मुकाट्यानं गाडी काढली. कायद्यानं बंदी असलेली तपासणी चोरून करणारा एक माणूस राज्याच्या सीमेपलीकडं होता. "मुलगी आहे" एवढंच तो बोटाच्या खुणेनं सांगायचा. दोन्ही वेळा परत येताना शिवप्रिया मागच्या सीटवर आडवी होती आणि उमाबाई पुढं बसून तिच्यासाठी घ्यायच्या डिंकाच्या लाडवांचा हिशेब जुळवत होत्या. घरात त्याला "गाठ काढली" म्हणायचे.

म्हणून या खेपेला पाळी चुकली, छाती दुखू लागली, सकाळी उठताच मळमळू लागलं, तेव्हा शिवप्रियानं वाकळ उचलली. नेहमीचे दिवस आले तशी ती शेडमध्ये जाऊन बसली. सासूच्या नजरेतून सुटायला या घरात तेवढीच एक जागा होती. बाकी सगळीकडं उमाबाई सुनेला न्याहाळायच्या; शेडमध्ये मात्र तिच्याकडं बघायच्याच नाहीत. पुढच्या महिन्यातही ती तशीच जाऊन बसली. पत्र्याच्या आडोशाला ओकताना पदराचा बोळा तोंडात धरायची आणि मग पोटाला म्हणायची, "थोडे दिस लप, माय. एकदा मोठी झालीस, की कुणी तुला गाठ म्हणायचं न्हाय."

"ह्याबी म्हैन्यात बसलीच," उमाबाई शेजारणीला खंतावून सांगत. जगाच्या लेकीसुनांची चाहूल ओळखणारी ती नजर आपल्याच रितीनं आंधळी केली होती.

सोमवारी पूजा आटोपून उमाबाई चहा घेऊन शेडपाशी आल्या. शिवप्रिया गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"आत्याबाई, पोटात लई दुखालंय. ह्या एकाच अंगाला."

"मग? पाळीत दुखतच असतंय. ताटात ओवा ठिवलाय, चावून खा."

"खांद्यातबी कळ मारालीय."

"खांद्यात?" उमाबाई हसल्या. "पाळी खांद्यावर चढून बसली व्हय गं तुझी?"

शिवप्रियानं काही सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. तिला रक्त दिसलं होतं, थोडंसं, काळपट. नुसतं बसायचं सोंग होतं, तिथं खरंच रक्त आलं होतं. पण सांगायचं तर कुणाला? सांगितलं की गाडी निघणार.

उमाबाईंनी वरून चहा ओतला. एक थेंबही सांडू दिला नाही.

अर्पिता शाळेतून आली ती दप्तरासकट मागं गेली आणि तशीच पळत स्वयंपाकघरात आली.

"आजी, आई उठंना! घामानं भिजलीय. ओठ बघ की कसे पांढरे फटक पडलेत!"

"शिवलीस का तिला?" उमाबाईंच्या तोंडून पहिल्यांदा हेच बाहेर पडलं.

"न्हाय." मग पोरीनं ओठ चावला. "व्हय. शिवले."

उमाबाई तरातरा शेडच्या दाराशी आल्या आणि तिथंच खिळल्या. शिवप्रिया वाकळेवर कलंडली होती. त्यांनी पहिल्यांदाच, खरोखर पहिल्यांदाच, शेडमधल्या सुनेकडं डोळे भरून बघितलं. डोळ्यांखालची काळसर झाक. भरून आलेली छाती. गळ्याच्या खळगीत दोऱ्यासारखी फडफडणारी शीर. साऱ्या गावात जे एका नजरेत ओळखलं, ते आता ओळखलं. पोरीला दिवस गेलेत. आणि पोरगी हातातून चाललीय.

त्यांचा हात पुढं झाला.

आणि थांबला. पूजा झालेली होती, अंगावर सोवळ्याचं लुगडं होतं, आणि मधे ते हातभर अंतर होतं. जन्मभराची सवय त्या अंतरात भिंतीसारखी उभी राहिली.

"अर्पे, पळ! सुमनबाईला बोलावून आण! म्हणावं, असशील तशी ये!"

सुमनबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला, विहाराच्या पलीकडं राहायची. उमाबाईंच्या शेतात भांगलायला यायची. विटाळाचं, मळाचं काही निस्तरायचं असलं की तिला हाक मारायची, हीदेखील जुनीच रीत होती. अर्पिता पळत गेली. सुमनबाई घरी नव्हती, रानात होती. पोर रानात पळाली. तोवर उमाबाई शेडच्या उंबऱ्यावर बसून "शिवप्रिया, ए माय, बोल की गं" म्हणत राहिल्या. लांबूनच त्यांनी तोंडावर पाणी शिंपडलं. पदरानं लांबूनच वारा घातला.

सुमनबाई आली ती खुरपं टाकून सरळ आत शिरली. तिनं शिवप्रियाचं डोकं मांडीवर घेतलं, पोटाला हात लावला, आणि पोट लाकडासारखं लागल्यावर शेजारच्या जीपवाल्याला ओरडून म्हणाली, "आबाराव! जीप आणा!" मग उमाबाईंकडं न बघताच म्हणाली, "बाई, मला आणाय पोरगी रानापतूर पळाली. तेवढ्यात ही तुमच्या मांडीवर जीपमधी बसली असती."



जीपमध्ये मात्र त्यांनी हात धरला. सोवळ्याच्या लुगड्याला रक्त लागलं आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. सुनेचा हात गार होता. लोहाऱ्याच्या वाटेवर शिवप्रियानं एकदा डोळे उघडले. कोण आहे ते तिला उमगलं असावं, कारण तिनं दुसरा हात पोटावर नेला, झाकल्यासारखा.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ह्या बारीला तपासाय नगा नेऊ."

"न्हाय नेत, माय. न्हाय नेत. आईची आण."

"लपवून ठिवली... म्या."

त्यानंतर ती काही बोलली नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण बाहेर आल्या तेव्हा रुद्रेशही गॅरेजातून धावत येऊन पोचला होता, हातांना ग्रीस तसंच. डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलल्या. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत रुजला होता. नळी फुटली, रक्त पोटातच साचत गेलं, त्याचीच कळ खांद्यात येते. "हे मूल तसंही वाढलं नसतं," त्या म्हणाल्या, "पण आई वाचली असती. पाळी चुकल्यावर साधी तपासणी झाली असती, नाहीतर दुखायला लागल्या लागल्या आणलं असतं, तरी वाचली असती. ती कुणाला काहीच बोलली नाही का?"

रुद्रेश भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. उमाबाई म्हणाल्या, "बोलली. म्या हसले."

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं शिवप्रियाला समाधीत बसवलं. तिला शेवटची अंघोळ उमाबाईंनी घातली. पाठीवरून, केसांतून, त्या पोटावरून त्यांचा हात फिरत होता. लग्न होऊन आली तेव्हापासून इतक्या मायेनं त्यांनी तिला कधी स्पर्श केला नव्हता. आणि मेलेल्या बाईच्या रक्ताचा विटाळ त्या दिवशी कुणालाच आठवला नाही.

भेटायला आलेले जंगमस्वामी म्हणाले, "उमाबाई, ज्याच्या गळ्यात लिंग हाय त्याला विटाळ न्हाय. बाईलाबी न्हाय. आपल्या धर्मानं हे कवाच सांगितलंय."

उमाबाईंनी कोरड्या डोळ्यांनी वर बघितलं. "मग स्वामी, तुमी दर वर्साला घरी येत हुता. मागचं शेड तुमाला दिसत हुतं. तवा का न्हाय सांगितलं?"

ते शेड साऱ्या गावाला दिसत होतं.

त्यानंतर मागच्या शेडला कुलूप लागलं आणि उमाबाईंची ती ओवी बंद झाली. दुसरीच एक त्यांच्या तोंडी बसली. ती त्या मोठ्यानं कधी म्हणत नसत. भाकरी थापताना नुसते ओठ हलत.

उंबऱ्याच्या बाहेर, लेक माझी बसविली
हातभर अंतर, हातानंच घालविली

या ओवीतली लेक कोण, राजेश्वरी की शिवप्रिया, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मनाच्या दाराशी इतकी वर्षं ताटकळत ठेवलेला तो दुसरा अर्थ आता घरात येऊन बसला होता, आणि उमाबाईंनी त्याला हाकललं नाही.

बाया अजून नळावर विचारत, "काकू, बघा बरं हिच्याकडं, काय वाटतंय?" त्या मान हलवत. "मला वळखत न्हाय गं. पाळी चुकली का? मग तपासून घे. आन पोटात एका अंगाला दुखलं, रगत दिसलं, चक्कर आली, की कुणाची वाट बघू नगंस. आन ल्योक का लेक, हे इचारायला कुणी न्हेत आसंल तर माझ्याकडं ये. म्या दारात आडवी पडते." रुद्रेशनं एकदा दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. उमाबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "आदी सीमेपलीकडच्या त्या माणसाचं नाव ठाण्यात जाऊन सांग. तुझं आन माझंबी सांग. मग बोलू." तो विषय पुन्हा निघाला नाही. पण पुढं एक दिवस उमाबाई स्वतःच सुमनबाईला बरोबर घेऊन ठाण्याची पायरी चढल्या.

ज्वारी हुरड्यावर आली होती तेव्हाची गोष्ट. उमाबाई चुलीपाशी होत्या. अर्पिता मागच्या दारात येऊन उभी राहिली. तोंड रडवेलं. काखेत वाकळ होती, आईचीच.

"आजी, शेडाचं कुलूप काढ."

उमाबाईंना कळायला पोरीच्या तोंडाकडं बघायचीही गरज पडली नाही. पिठाचे हात तसेच ठेवून त्या उठल्या. पोर दोन पावलं मागं सरकली, शिकवलं होतं तशी, मधे बरोबर हातभर अंतर राहील अशी.

उमाबाईंनी ते ओलांडलं. वाकळ काढून घेतली आणि चुलीपाशी, आपल्या पाटाशेजारी अंथरली. पोरीला ओढून कुशीत घेतलं. परकराला, पाठीला, वेणीला पांढरं पीठ लागलं.

"आजी, तू शिवलीस..."

"व्हय," उमाबाई म्हणाल्या. आणि जे एकदा विचारायचं राहिलं होतं, ते त्यांनी पिठाचा हात तिच्या पोटावर ठेवून विचारलं,

"कुठं दुखालंय, माय? माझा हात धरून दाखव."